मुलीकडचं माणूस

सृष्टीचा फोन आला तेव्हा मी माझ्या एका इंग्रजी शोधनिबंधाच्या तळटीपा लावत बसले होते. निबंधाचं म्हणणं असं, की संस्थेत वाढलेल्या मुलाला आयुष्यात एक तरी कायमचं माणूस लागतं. हे आमच्या आईला कुणी विचारलं असतं तर तिने पोळी लाटता लाटता सांगितलं असतं. मी मात्र त्यापायी अर्धं आयुष्य घालवलं आणि थेट जिनिव्हाला जाऊन ते सिद्ध करून आले. परत आल्यावर कोथरूडच्या फ्लॅटचं कुलूप माझं मीच उघडलं.

"मॅडम, रविवारी सुदर्शनचे आईबाबा येतायत," सृष्टी म्हणाली. "ॲक्च्युअली फॉर्मल काही नाही, फक्त भेटायचंय. पण माझ्याकडून कोणीतरी बसायला हवं ना. तुम्ही बसाल? तुमच्या घरी चालेल?"

"बघते. कळवते," मी म्हणाले आणि फोन ठेवला. मग तळटीप तशीच अर्धवट टाकून लगेच उलटा फोन केला आणि हो म्हणून टाकलं.

देशाने बाहेरच्यांना दारं उघडली त्या सुमारास आमच्या समाजकार्य विभागालाही परदेशी निधी मिळायला लागला. त्यातून मी शहरातल्या एका बालगृहातल्या मुलींचा अभ्यास हाती घेतला. दर जूनमध्ये प्रत्येकीची मुलाखत घ्यायची, मग ती मोठी होऊन कुठेही जावो. मुली पांगल्या. कुणी लग्न करून गेली, कुणी पत्ता न सांगता गेली. सृष्टी राहिली. बालगृहात पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती ढगळ फ्रॉकमधली, प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारी पोर होती. आता हिंजवडीला सॉफ्टवेअर कंपनीत टेस्टिंगला होती, मैत्रिणींबरोबर कोथरूडातच राहत होती, आणि कंपनीची बस तिला माझ्या गल्लीच्या तोंडाशी घ्यायला यायची. कधी कधी मी गॅलरीतून ती दिसते का बघायचे.

बघायचे, पण हाक मारायचे नाही. संशोधकाने आपल्या मुलींना भेटवस्तू द्यायच्या नाहीत, स्वतःबद्दल बोलायचं नाही, त्यांच्या आयुष्यात कुठलीही जागा घ्यायची नाही, असे नियम होते. ते मीच घातले होते, त्यामुळे चिडायला दुसरं कुणी मिळण्याचीही सोय नव्हती. खरं सांगायचं तर मला त्या पोरीचं कोणीतरी व्हायचं होतं. मावशी म्हणा, आत्या म्हणा. सणाला जिच्याकडे यावं, भांडून जिच्याकडे येऊन राहावं असं कोणीतरी. अभ्यास तसाही संपत आला होता. रविवारी ती जागा मला आयतीच मिळणार होती.

मी कपांचा नवा संच आणला, कारण घरातले कप एकमेकांशी जुळत नव्हते. सोफ्यावरचे अहवालांचे गठ्ठे पलंगाखाली ढकलले. पोहे केले. ते किंचित कोरडे झाले, पण वरून खोबरं घातलं की पुण्यात कोणी विचारत नाही.

पाहुणे वेळेवर आले. सुदर्शनचे वडील बापूराव वर्ध्याकडून चिंचवडला कारखान्यात आलेले, आता निवृत्त. गृहस्थ शांत. आई नंदाताई त्यांच्या वाटणीचंही बोलणाऱ्या. आल्या आल्या त्यांनी माझ्या भिंती, पडदे, पंखा सगळं बघून घेतलं आणि विचारलं, "एकट्याच राहता का बाई?" मी "हो" म्हणाले. "करमते?" त्यांनी विचारलं. मी पोहे पुढे केले.

सुदर्शन आणि सृष्टी शेजारी शेजारी बसून एकमेकांकडे बघायचं टाळत होते. कंपनीत दोन वर्षं एकत्र डबा खाणाऱ्या माणसांचं हे नाटक बघून मला हसू येत होतं. सगळं ठीक चाललं होतं. मग नंदाताईंनी बशी खाली ठेवली.

"तुमी हिला लहानपणापासून पाहून राहिल्या म्हणते पोरगी. कशी होती हो लहानपणी?"

मला सगळं ठाऊक होतं. तिला कांजिण्या कधी आल्या, कुठल्या बाईंना ती घाबरायची, कितवीत गणितात नापास झाली, कुणाशी दोन महिने बोलली नाही. ह्या प्रश्नाचं उत्तर माझ्याइतकं भरघोस देणारं माणूस जगात दुसरं नव्हतं. आणि माझ्या तोंडून शब्द आले, "ते मला सांगता येणार नाही."

नंदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. "सांगता येत नाही म्हणजे काहून? काही होतं का?"

"तसं नाही. मुलींनी सांगितलेलं बाहेर बोलायचं नाही असा आमच्यात दंडक आहे. गोपनीयता असते."

वीस वर्षं जे वाक्य सरकारी अधिकाऱ्यांना, पत्रकारांना ऐकवलं, ते मी मुलाच्या आईला ऐकवत होते. सृष्टी समोर बसलेली होती. तिच्याकडे बघून "सांगू का गं?" एवढं विचारलं असतं तरी भागलं असतं. ते सुचलं नाही. मी घाबरले, आणि घाबरले की मी जे करते तेच मी केलं. प्रश्न विचारायला लागले.

"घरात खोल्या किती आहेत? तिला स्वतःचं कपाट असेल का? घरात आजारी कोणी? राग आला की तुमच्याकडे काय पद्धत, बोलतात की अबोला धरतात? आणि समजा तुमचं नाही जमलं, तर काय करायचं ठरवलंय?"

दत्तक देण्याआधी गृहभेटीत विचारतात ते हे प्रश्न, त्याच क्रमाने. बापूराव बिचारे उत्तरं देऊ लागले होते. नंदाताईंनी त्यांना हाताने थांबवलं.

"बाई, आमी पोरगी पाहायला आलो. तुमी आमचीच तपासणी करून राहिल्या."

सुदर्शनचे कान लाल झाले होते. पोरीने आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं होतं, आणि मी ते तिच्या डोळ्यांदेखत मातीत घालत होते.

नंदाताई मग माझ्याकडे पाठ करून सृष्टीकडे वळल्या. "घाबरू नको. मी लग्न होऊन आली ना, तर महिनाभर माहेरची पिशवी सोडलीच नाही. सासू म्हणे, बाई, पळून जातं का? म्या म्हटलं, नाही, पण सामान भरलेलं असलं की झोप लागते."

सृष्टी हसली. मग तिने जे सांगितलं ते मी श्वास रोखून ऐकलं.

"मला एकदा एका घरी ठेवलं होतं, काकू. सासवडला. दत्तक नाही, काही दिवस सांभाळायला देतात तसं. मी सात वर्षांची असेन. संस्थेत चपला बाहेर काढल्या की दुसरी कोणीतरी घालून जायची, म्हणून आम्ही सगळ्याच उशाखाली घेऊन झोपायचो. मी तिथेही तसंच केलं. त्या बाईंना वाटलं मी पळून जायच्या तयारीत आहे. त्यांनी खूप लाड केले, चपला काढून ठेवायच्या, मी परत घ्यायचे. शेवटी रडत रडत मला परत आणून सोडलं. मला तिथे राहायचं होतं. पण ते सांगायचं असतं हे मला माहीत नव्हतं."

"अवं माय," नंदाताई म्हणाल्या आणि उठून तिच्या शेजारी जाऊन बसल्या. सुदर्शनला सरकावं लागलं.

त्या सासवडच्या घराबद्दल मी सृष्टीला प्रत्येक जूनमध्ये विचारत आले होते. प्रत्येक जूनमध्ये ती "आठवत नाही" म्हणाली. 'मूल रुळलं नाही' असा कागदोपत्री शेरा होता, आणि त्याच्या जोरावर मी न रुळणाऱ्या मुलांवर एक अख्खं प्रकरण लिहिलं. मी प्रश्न चांगले विचारले होते. स्वतःचं मात्र तिला कधी काही सांगितलं नव्हतं, अगदी मला करमत नाही हेसुद्धा. मग तिने तरी मला काय म्हणून सांगावं? मला हेवा वाटला, आणि तो ह्या वयात शोभत नाही हे ठाऊक असूनही वाटला.

त्यानंतर काही अडलं नाही. तारखेचं निघालं. "कन्यादान कोण करणार?" बापूरावांनी विचारलं, आणि सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी बोलायला तोंड उघडलं. त्याला जोडपं लागतं हे मलाही कळतं, पण मी काहीतरी काढलं असतं, भटजींना पटवलं असतं.

"माझा भाऊ-भावजय करतील," नंदाताई म्हणाल्या. "त्याला पोरगी नाही, हौस आहे. चालेल ना गं? मग माहेर बी तेच समज. वर्ध्याला जायचं, सणाला, बाळंतपणाला."

सृष्टीने एकदा माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर परवानगी मागितल्यासारखं काहीतरी होतं. मूल ताटकळत ठेवू नये, चांगलं घर मिळालं की आड येऊ नये, हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवत आले.

"घर चांगलं आहे," मी म्हणाले. "जा."

सृष्टीचे डोळे भरून आले. नंदाताईंनी माझ्याकडून कुंकू लावून घेतलं, मग त्यांनी मला लावलं. तपासणीचा राग त्यांच्या मनातून गेला होता, हे त्यांचं मोठेपण. निघताना त्यांना मंडईची आठवण झाली. तुरीच्या हिरव्या शेंगा आल्या असतील, आज पोरीला सोल्यांची, म्हणजे तुरीच्या ओल्या दाण्यांची, भाजी करून घालते म्हणाल्या. सृष्टीने ओढणी सारखी केली. तीही त्यांच्याबरोबर निघाली होती. पाहुणे गेल्यावर ती मागे थांबेल, आम्ही दोघी नव्या कपांतून पुन्हा एकदा चहा घेऊ, असं मी धरून चालले होते.

"तुमी बी चला की बाई," नंदाताई दारातून म्हणाल्या. "शेंगा निवडायला चार हात बरे."

मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की पर्स कुठे ठेवली तेच आठवेना.

"नाही काकू, मॅडमना कामं असतात," सृष्टी म्हणाली. आदराने म्हणाली, मला अवघड वाटू नये म्हणून माझ्या वतीने म्हणाली. इतक्या वर्षांत तिला माझ्याबद्दल कळलेलं ते एवढंच होतं.

"हो," मी म्हणाले. "बरीच आहेत. तुम्ही निघा, नाहीतर गर्दी होईल."