फॉर्मवरचं 'नाही'

माझा धाकटा भाऊ लिफ्ट दुरुस्त करायचा. तीन वर्षांपूर्वी कामावरचा जोडीदार लिफ्टखालच्या खड्ड्यातून वर आला असं समजून याने बटण दाबलं. जोडीदार खालीच होता, लिफ्टखाली चिरडला गेला. तेव्हापासून भाऊ पितो, आणि कुठेही जायचं झालं तरी जिनाच चढतो.

दारू सोडवणारे म्हणायचे, "हा झोपेत किंचाळतो. आधी मनाच्या डॉक्टरांना दाखवा." मनाचे डॉक्टर म्हणायचे, "तीन महिने दारू बंद करा, मग या." दारू बंद केली की खड्डा दिसायचा, खड्डा दिसला की पुन्हा दारू. नुसती टोलवाटोलवी! खरं सांगितलं की दार बंद होतं, एवढं मात्र मी पक्कं शिकले.

नव्या केंद्रात दोन्हींवर एकत्र उपचार करतात, असं शेजारीण म्हणाली. माझा विश्वास बसला नाही. दुधाने तोंड पोळलेली मी, ताक फुंकूनच पिणार. भाऊ केंद्राचे सहा मजले चढून धापा टाकत आला, तशी मी त्याच्या तोंडात पुदिन्याची गोळी कोंबली. "तू बोलू नकोस. मी बघते."

फॉर्मवर विचारलं होतं, 'गेल्या तीन महिन्यांत दारू घेतली का?' मी ठळक अक्षरात 'नाही' लिहिलं.

समुपदेशक बाईंनी फॉर्म वाचून भावाकडे पाहिलं. मीच घाईघाईने म्हणाले, "एक थेंबही नाही हो."

"मग तुम्हाला आमच्या एकत्र उपचारांच्या गटाची गरज नाही," बाई म्हणाल्या. "तळमजल्यावर फक्त मानसिक आघातावर उपचार होतात. तिथे लगेच जागा मिळेल."

कुणी हाकललं नाही, याचाच मला केवढा आनंद! अति शहाणी मी.

तळमजल्यावर त्याला तो दिवस पहिल्यापासून सांगायला लावला. दुसऱ्या आठवड्यात तो तिथून निघाला तो थेट दुकानात गेला आणि दोन दिवस पीत राहिला. मी धावत सहाव्या मजल्यावर जाऊन सगळं खरं सांगितलं.

बाई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आम्ही पिणाऱ्यांनाच घेतो, ताई. पण गट आता भरला. मध्येच कुणाला घेता येत नाही, पुढचा सहा महिन्यांनी." तोवर म्हणून त्यांनी एक चिठ्ठी दिली. चिठ्ठीवर दारू सोडवणाऱ्यांच्या त्याच जुन्या दवाखान्याचा पत्ता होता.

घरी भाऊ पलंगाच्या कडेला बसला होता. मी चिठ्ठी दाखवली.

"त्या दिवशी बाई माझ्याकडे बघत होत्या ना," तो म्हणाला, "तेव्हा मी सांगणार होतो, ताई."

"काय सांगणार होतास?"

"सगळं. पितो तेसुद्धा. तू बोललीस, मग राहिलं."

मी पाणी दिलं. सकाळपासून दारू न मिळाल्याने त्याचे हात इतके थरथरत होते की त्याला पेला धरवेना. तीन वर्षं त्याची प्रत्येक बाटली मी मोरीत ओतली होती. त्या संध्याकाळी पायांत चपला अडकवल्या, दुकानात गेले आणि बाटली मीच आणून त्याच्या हातात दिली.