कॉफीच्या बाटलीतलं तिखट

मित्रांनो, मी कॉफीची एक जुनी बाटली आहे. खरं सांगायचं तर माझ्यात कॉफी होती ती जेमतेम दीड महिना. त्यानंतर चाळीस वर्षं माझ्या पोटात लाल तिखट आहे. तरीही घरात सगळे मला 'कॉफी'च म्हणतात. का, ते सांगते.

माझा जन्म काचेच्या कारखान्यातला. वाळू आणि फुटक्या काचांचा चुरा भट्टीत घालून मला घडवलं. त्याआधी मी कुणाच्या खिडकीचं तावदान होते की कुणाची औषधाची बाटली, मला आठवत नाही. थंड होताना माझा एक खांदा जरासा खाली बसला. माल तपासणाऱ्या बाईने मला उजेडासमोर धरलं, मान तिरकी केली आणि "चालेल" म्हणत पुढे सरकवलं. त्या एका 'चालेल'वर माझं सगळं आयुष्य उभं आहे.

मी ज्या घरात आले ते दोन खोल्यांचं होतं, तिसऱ्या मजल्यावर. घरधनी बस चालवायचा. त्याची बायको एका वसतिगृहात स्वयंपाकाला जायची. पुढे मुलगा झाला आणि सगळे तिला आई म्हणू लागले, म्हणून मीही आईच म्हणते. वसतिगृहात ती दीडशे माणसांचा स्वयंपाक करायची, पण स्वतःच्या घरी तिचे मसाले कागदाच्या पुड्यांत असत. हळदीला दमट हवेत गाठी व्हायच्या, जिऱ्याची पुडी फुटून मिऱ्यात मिसळायची आणि ती निवडत बसायची.

एकदा ती हौसेने बरण्या घ्यायला गेली होती. एकसारख्या काचेच्या बरण्या, लाकडी झाकणांच्या. दुकानदार म्हणाला, "ताई, एकदाच घ्यायच्या. जन्मभर पुरतील."

"जन्मभर पुरतील हो, पण मग आमचा महिना नाही पुरणार," असं म्हणून ती बरणी फडताळात ठेवून परत आली. हे ती पुढे सगळ्यांना हसत सांगायची.

घरी आली तेव्हा ओट्यावर मी होते, नुकतीच रिकामी झालेली. तिने मला उचललं, झाकण फिरवून पाहिलं आणि म्हणाली, "तू काय वाईट आहेस?"

मग तिने शेजारणींना सांगून ठेवलं, रिकाम्या बाटल्या टाकू नका. जॅमची बुटकी बरणी आली, मधाची सहा कोनांची आली, खोकल्याच्या औषधाची तपकिरी आली. होता होता आम्ही सोळा जणी झालो. तिने आम्हाला उकळत्या पाण्यात आंघोळ घातली आणि दोन दिवस उन्हात पालथं ठेवलं. काचेचा वास जातो, पण झाकणाच्या आतल्या पुठ्ठ्यात तो दडून बसतो. तिने जुने पुठ्ठे काढून नवे गोल कापून बसवले. वरच्या चिठ्ठ्या मात्र काही केल्या निघेनात, तेव्हा तिने त्यांचा नाद सोडला.

म्हणून आमच्या घराची एक वेगळीच भाषा झाली. जॅम म्हणजे हळद. मध म्हणजे जिरं. खोकल्याचं औषध म्हणजे मिरपूड, आणि याची गंमत फक्त नव्या माणसाला वाटायची. मी कॉफी, म्हणजे तिखट. एकदा माझं झाकण अडकलं म्हणून घरधन्याने ते लाटण्याने ठोकलं आणि त्याला कायमचा पोचा आला. "तरी बरं, बस नाही ठोकलीत," आई म्हणाली. पण तेव्हापासून तिचा अंगठा मला शोधत आला की त्या पोच्यावरच टेकायचा.

मुलगा मोठा झाला, त्याचं लग्न झालं, सूनबाई घरात आली. ती औषधांच्या दुकानात काम करायची. तिचा एकच नियम होता, चिठ्ठी वाचल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. पहिल्याच सकाळी ती सर्वांच्या आधी उठली, डोळ्यांवर झोप होती, तिने माझी चिठ्ठी वाचली आणि उकळत्या दुधात दोन चमचे भरून घातले. चमच्यात काय आलं ते पाहिलंच नाही. पहिला पेला सासऱ्यांना दिला. त्यांनी एक घोट घेतला. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं. नवी सून समोर उभी. ते म्हणाले, "जरा कडक झालीय. पण छान."

नंतर किती दिवस घर हसत होतं! सूनबाई मात्र कपाळाला हात लावून म्हणायची, "आमच्या दुकानात असं झालं असतं ना आई, तर माझी नोकरी गेली असती."

काही वर्षांनी सासरे गेले. आईने वसतिगृहातलं काम सोडलं. मग घरचा स्वयंपाक हेच तिचं राज्य उरलं. सूनबाई आणि मुलगा सकाळी कामावर जात, संध्याकाळी दमून येत आणि गरम जेवण समोर यायचं. ताट पुसून खाल्लेलं पाहिलं की आईच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते मी रोज बघितलं आहे.

मागच्या वर्षी सूनबाईच्या मनाने घेतलं की आईंना चांगल्या बरण्या आणायच्या. तीन आठवडे ती सुट्टीच्या दिवशी बाजार पालथा घालत होती. काचेच्या परवडेनात, स्टीलच्या बघून डोळे पांढरे झाले, स्वस्त प्लास्टिकच्या होत्या त्यांना वास मारत होता. शेवटी दुकानाच्या ओळखीतून तिला सापडल्या. गोळ्या भरायच्या दुधी पांढऱ्या बरण्या, कोऱ्या, कुणीतरी मागवून न उचललेल्या. सोळाच्या सोळा एकसारख्या. तिने दुपारभर बसून बारीक, सुबक अक्षरात चिठ्ठ्या लिहिल्या. मसाल्याचं नाव, खाली भरल्याची तारीख.

"कशा आहेत आई?"

आईने सगळ्यांवरून एकदा हात फिरवला. मग पुन्हा एकदा फिरवला. "छान आहेत गं. जुळी भावंडंच जशी."

"आवडल्या ना पण?"

"न आवडायला काय झालं? एवढी वणवण करून आणल्यास."

आम्हा सोळा जणींना खोक्यात घालून सिंकखाली ठेवलं. मित्रांनो, आम्हाला फेकलं नव्हतं, तरी अंधार तो अंधारच. तिथून दिसत काही नव्हतं, पण ऐकू यायचं. पूर्वी आईचा हात सरळ माझ्याकडे यायचा. आता फोडणीत तेल तडतडायचं आणि वर झाकणं उघडत राहायची. एक, दोन, तीन, चार. ती वास घ्यायची, पण सहा झाकणं उघडल्यावर नाकही गोंधळतं. तोवर कढई धुरकटायची.

एके दिवशी ती झाकणं उघडत राहिली आणि मागे कढईतलं तेल पेटलं. सूनबाई घरात होती म्हणून निभावलं. तिने ताट झाकून जाळ विझवला. त्या संध्याकाळी ती दबक्या आवाजात नवऱ्याला म्हणाली, "आई विसरायला लागल्यात हो. कशात काय आहे ते लक्षातच राहत नाही. दिवसभर एकट्या असतात. उद्या काही झालं तर?"

"मग काय करायचं?"

"गॅस त्यांच्या हातात नको. मी लवकर उठून सगळं करून जाईन."

"तू सांग तिला."

"मी? आई तुमची, तुम्ही सांगा."

शेवटी दोघांनी मिळून सांगितलं. आई फक्त "बरं" म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती दाराजवळच्या खुर्चीत बसू लागली. स्वयंपाकघरात इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

आणि मग सिंकचा पाइप गळायला लागला. बरंच झालं म्हणायचं! रविवारी नळवाला आला. वाकून आत शिरायला त्याने आमचं खोकं बाहेर ओढलं.

"मावशी, हे भंगारात द्यायचं का?"

"थांब रे बाबा," म्हणत आई स्टूल ओढून बसली. खोक्यातून एकेक बाटली काढून मांडीवर घेऊ लागली. नजर नळवाल्याच्या पाठीवर, बोटं आमच्यावर. "हे जिरं. ही हळद. ही लवंग, हिच्या झाकणाला रबर आहे. आणि ही," माझ्या पोच्यावर तिचा अंगठा टेकला, "ही माझी कॉफी."

नळवाला सिंकखालून म्हणाला, "मावशी, इथवर तिखटाचा ठसका येतोय, आणि कॉफी काय म्हणता?"

सूनबाई दारात उभी होती. तिच्या हातातला पेला तसाच राहिला. "आई, सुंठ कशात होती?"

"त्या उंच, बारीक मानेच्या बाटलीत."

"आणि दालचिनी?"

"बिस्किटांच्या चौकोनी डबीत. परीक्षा घेतेस का गं माझी?"

"तुम्हाला तर सगळं आठवतंय!"

"न आठवायला काय झालं? म्हातारी झाले, खुळी नाही."

"मग नव्या बरण्या उघडून उघडून का बघायचात?"

आईने माझ्या झाकणावरून अंगठा फिरवला. पाइपमधून थेंब टपकत होता. मग ती म्हणाली, "अगं, त्या पांढऱ्या बरण्यांवर तू मुंग्या लिहून ठेवल्यास. मला नाही दिसत त्या. वर्ष झालं, सगळं धुक्यातून बघते."

"मग बोलला का नाहीत?"

"एवढ्या हौसेने आणल्यास. नकोत म्हणू? आणि डोळे अधू झालेत म्हटलं असतं, तरी गॅस काढूनच घेतला असतात ना?"

सूनबाई ओल्या फरशीवरच बसली. "रोज दुकानात दहा जणांना डोळ्यांचे थेंब देते मी," ती म्हणाली. "दहा जणांना! आणि घरात..." आईने माझ्यासकट हात पुढे करून तिच्या डोक्यावरून फिरवला. नळवाला बिचारा शहाणा निघाला, काम संपलं तरी बाहेर आला नाही.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. एकामागून एक दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. पट्टी निघून आई घरी आली त्याआधी सूनबाईने आम्हाला धुऊन, पुसून, भरून आमच्या जागी लावलं होतं. पांढऱ्या बरण्यांत आता बटणं, खिळे, दोरे असतात. त्यांच्यावर सूनबाईने बोटाएवढं अक्षर काढलं आहे.

आईने पहिल्यांदा मला उचललं, उजेडात धरलं, आणि म्हणाली, "अगं बाई! किती कळकट दिसते ही! आणि इतके दिवस कुणी बोललं नाही!" मित्रांनो, मी लाजून लाल झाले असते, पण मी आधीच होते.

सूनबाई म्हणाली, "आई, आता हिच्यावर 'तिखट' असं लिहू का? मोठ्या अक्षरात?"

"राहू दे. ती हाकेला ओ देते, तेवढं पुरे."

मला नव्या बरण्यांचा राग नाही. त्याही कुणीतरी मायेने शोधून आणल्या होत्या. माझं एवढंच मागणं आहे, की घरातली एखादी जुनी, वाकडी, पोचे आलेली वस्तू हलवण्याआधी ती कुणाच्या हाताला सवयीची आहे ते पाहा. त्या माणसाला विचारा. आणि ते "छान आहे" म्हणालं, तर पुन्हा एकदा विचारा.

परवा रस्सा उकळत होता. आई कांदा चिरत होती. सूनबाईने मागे न बघता हात पुढे केला आणि म्हणाली, "आई, जरा कॉफी द्या."

आईने मला तिच्या हातात दिलं. सूनबाईने माझी चिठ्ठी वाचली नाही. तिचा अंगठा सरळ पोच्यावर आला.