कॉफीच्या भांड्यात उघडलेला थर्मोस्टॅट

बंद.

मी एक जुना थर्मोस्टॅट आहे. मित्रांनो, माझे नाव तुम्ही ऐकले नसेल. गाडी नीट चालते तोवर ते कुणी घेतच नाही. मी तुमच्या मुठीत मावेन एवढा. पितळेची डबी, आत मेण, भोवती स्प्रिंग, एक चकती वर आणि एक खाली. इंजिन गार असले की मी बंद. पाणी तापले की मेण फुगते, वरची चकती उघडते आणि गरम पाणी रेडिएटरकडे निवायला जाते. त्याच वेळी खालची चकती रेडिएटर टाळणारी आडवाट बंद करते, म्हणजे तापलेले पाणी न निवता परत इंजिनात शिरत नाही.

ही खालची चकती लक्षात ठेवा. बाकी कुणी ठेवली नाही.

उघडा.

सोलोक भागातल्या डोंगरात एर्मानिसची मिनीबस होती. आमच्याकडे मालमत्ता आईकडून मुलीला जाते; ही तिच्या आईच्या घराण्याची, म्हणून तिची. चालवायचा तिचा नवरा शाहरिल. लग्नानंतर तो तिच्या घरी राहायला आला, जसे आमच्याकडे सगळेच जावई येतात. त्या घरात शब्द चालायचा तो एर्मानिसच्या मामाचा. मामा घराण्याचा दातुक, म्हणजे मुखिया. जावई हा पाहुणा.

सकाळी कोबी आणि मिरची घेऊन खाली पाडांग शहरात जायचे, माणसे भरून सितिंजाउचा चढ चढत परत यायचे. त्या चढावर मालट्रक रडतात. मी प्रत्येक वळणावर उघडत होतो, मिटत होतो. एकदा तापमानाच्या काट्याकडे बघत शाहरिल बायकोला म्हणाला, "काटा कसा गुमान बसलाय बघ." एवढे एकच कौतुक माझ्या वाट्याला आले, तेही काट्याच्या नावाने.

मग एके दिवशी काटा वर गेला.

शाहरिलने गाडी वळणावर उभी केली. घाई केली नाही. निवल्यावर फडक्याने रेडिएटरचे झाकण उघडले, उलटे करून पाहिले. झाकणाचे रबर तडकले होते आणि खाली पांढरा, सुकलेला ओघळ होता. त्याने ओघळावरून बोट फिरवले. पाणी इथूनच उडून जात होते. एक झाकण बदलायचे, बस्स.

हे सांगायलाच तो इद्रीस मिस्त्रीकडे गेला. पण गॅरेजला लागून कॉफीची टपरी आहे, आणि टपरीत मामा डॉमिनो खेळत बसला होता.

शाहरिलने तोंड उघडण्याआधीच मामाने निदान केले. तरुणपणी त्याच्याकडे एक ट्रक होता. त्याचा थर्मोस्टॅट त्याने काढून फेकला आणि ट्रक पुढे कधी तापला नाही. ते खरेही होते, पण त्या जुन्या इंजिनात आडवाटच नव्हती.

"जपान्यांनी हे बर्फासाठी बसवलंय," मामा म्हणाला. "इथं बर्फ कुठं पडतो दाखवा मला. इद्रीस, काढ तो."

इद्रीसने मला काढले. पण तो अगदीच वाईट माणूस नव्हता. टपरीतले कॉफीचे भांडे मागून त्याने त्यात मला टाकले आणि खाली जाळ वाढवला. सगळे वाकून बघू लागले. पाणी सळसळले आणि मी उघडलो. मित्रांनो, आयुष्यात पहिल्यांदा लोकांसमोर उघडलो.

"चांगला आहे की," इद्रीस हळूच म्हणाला.

मामाने सोंगटी ठेवली. "उकळत्या पाण्यात कुणीही उघडेल. तुला टाकला तर तूही उघडशील."

टपरी हसली. इद्रीसही हसला. मग मामा शाहरिलकडे वळला. "काय जावईबापू, तुमचं काय म्हणणं?"

गॅरेजला पोचल्यावर दाखवायला काढलेले ते तडकलेले झाकण शाहरिलच्या खिशात होते. हात खिशात गेला आणि तिथेच राहिला.

"मामा म्हणतील तसं," तो म्हणाला.

काढलेला.

झाकण पुन्हा होते तिथे बसले. मला शाहरिलने काचेमागच्या खणात टाकले. तिथून मी काटा बघत असे. माझ्या जागी आता भोक होते, आडवाट सताड उघडी होती आणि तापलेले पाणी रेडिएटरला टाळून इंजिनातच फिरत होते. सपाटीवर निभावले, चढावर शाहरिल थांबत थांबत पाणी भरत राहिला.

मग मामाच्या भाचीचे, म्हणजे एर्मानिसच्या धाकट्या बहिणीचे लग्न आले. पाडांगहून नवरदेवाला वाजतगाजत आणायला मामा स्वतः गेला. परतताना तो पुढच्या सीटवर, मागे एर्मानिस, नवरदेव, ढोलवाले.

चढाच्या मध्यावर काटा तांबड्यात गेला. शाहरिलने वेग कमी केला.

"नवरदेव घेऊन रस्त्यात थांबतात होय?" मामा म्हणाला. "घराण्याची लाज काढायची आहे का?"

शाहरिल थांबला नाही. दोन वळणे ढोल वाजले. तिसऱ्या वळणावर पाणी सगळे संपले, वाफ निघाली, आतून खडखड ऐकू आली आणि इंजिन जाम झाले. नवरदेव कोबीच्या ट्रकमधून मांडवात पोचला.

इद्रीसने इंजिन उघडले. हेड वाकले होते, पिस्टन चिकटले होते. मामाने टपरीत सांगितले, की जावयाला गाडी हाकायची अक्कल नाही.

त्या दिवशी एर्मानिसला खणात मी आणि इंजिन उघडताना काढून टाकलेले झाकण, दोन्ही सापडले. तिने झाकण उलटे केले. रबरावरून तिचेही बोट फिरले.

"उदा," तिने विचारले; नवऱ्याला आमच्याकडे अशीच हाक मारतात. "तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"मग बोलला का नाहीत?"

"तुझ्या मामासमोर?"

तिने झाकण परत खणात ठेवले. तीही त्याच घरात वाढलेली.

गाडी भंगारात गेली. कामच उरले नाही म्हणून शाहरिल बाताम बेटावर गेला. तिथे तो दुसऱ्यांच्या बोटींची इंजिने धुतो. त्याची धाकटी मुलगी बापाचा आवाज फोनवर ओळखते, चेहरा नाही.

मित्रांनो, गाडी तापली तर आधी थांबा. मांडवात उशीर होऊ द्या. तिला निवू द्या, मग पाणी कुठून जाते ते शोधा, आणि जो भाग निर्दोष ठरला त्याला परत त्याच्या जागी बसवा. आणि तुम्हाला जे दिसले ते तिथल्या तिथे, सगळ्यांदेखत बोला. समोर कुणीही बसलेला असो. नंतर घरी येऊन बोललात, तर ते ऐकायला इंजिन उरलेले नसते.