तीन नंबरचा फलाट

"ठिपक्यांच्या फरश्या कुठं गेल्या?" सुपरवायझर गुडघे टेकूनच ओरडला.

विद्यापीठातल्या नव्या बसस्थानकाचं उद्घाटन अगदी तोंडावर आलं होतं, आणि तीन नंबरच्या फलाटावर पिवळ्या फरश्या थेट कडेपर्यंत रेघांच्याच होत्या. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी रेघा म्हणजे चालत राहा, ठिपके म्हणजे थांबा. इथं रेघा सरळ बसच्या चाकाखाली नेत होत्या.

"संपल्या ना," फरशीवाला म्हणाला. "जागा उघडी कशी ठेवायची? उरलेल्या रेघांच्या लावल्या. कसं एकसारखं दिसतंय बघा!"

शेवटचे दोन दिवस सुपरवायझर स्वतःच मांडवाच्या गडबडीत अडकला होता. इकडे फिरकलाही नव्हता. त्यानं घाईघाईनं कडेला दोरी बांधली, तर इंजिनिअरसाहेब धावत आले.

"साहेब, एवढा एक फलाट बंद ठेवू या. पाया पडतो. माझी मुलगी येतेय, तिला दिसत नाही हो."

"पाहुणे फाटकाशी आलेत आणि तुम्ही दोऱ्या कसल्या बांधताय? फोटोत काय दिसेल? उद्या बघू." साहेबांनी दोरी सोडायला लावली.

मुलीचा फोन लागेना. कान मोकळे हवेत म्हणून बसमध्ये ती तो बंदच ठेवायची. दोन वर्षं बापाच्या हाताला धरून वर्गात जायचा तिला वीट आला होता. आज पहिल्यांदाच ती एकटी निघाली होती. "डोळे झाकून ये," असं तोच म्हणाला होता, आणि दोघं पोट धरून हसले होते.

पाहुण्यांच्या मागोमाग पहिली बस एक नंबरला लागली. मुलगी उतरली, काठीनं रेघा शोधल्या आणि तिच्या वर्गाकडची बस लागणार होती त्या तीन नंबरकडे ताठ मानेनं निघाली. इतकं झपझप चालताना त्यानं तिला कधी पाहिलं नव्हतं. तो धावत जाऊन कडेवर उभा राहिला.

काठी त्याच्या बुटाला लागली.

"काका, जरा सरकता का? मला पुढची बस पकडायचीय."

"थांब. पुढं रस्ता नाही."

तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "बाबा? तुम्हीच म्हणालात ना, इथं मला कुणाची मदत लागणार नाही?"

"चुकलं गं माझं."

मागं फीत कापली गेली, टाळ्या वाजल्या. तिनं काठीची घडी घातली, पिशवीत टाकली आणि त्याचं कोपर धरलं.