सहा दिवसांचं कार्ड

"अक्का, स्वल्प, जरा बघ की! चार दिवसांनी काय होतंय?"

गिरीराजने पिवळं कार्ड पुन्हा टेबलावर सरकवलं. भव्याने तारीख दुसऱ्यांदा वाचली. नैरोबीहून येणाऱ्याला पीतज्वराची लस लागते, आणि ती टोचून दहा दिवस झालेले असावे लागतात. याचे सहाच झाले होते. उरलेले चार दिवस विलगीकरण. बारा वर्षं विमानतळाच्या आरोग्य तपासणीला बसणाऱ्या नर्स भव्याला हे झोपेतही पाठ होतं.

"चार वर्षं तिथं राहिलास, लस आधी का नाही घेतलीस?"

"तू आहेस म्हणून! आईचं कळलं तसं टोचून घेतलं. म्हटलं, टेबलावर अक्काच असते." त्याचा आवाज चिरकला. "डॉक्टर आईचे दोन-तीनच दिवस उरलेत म्हणालेत ना?"

आई पंधरा मिनिटांवर, देवनहळ्ळीच्या दवाखान्यात होती. ड्यूटी संपली की भावाला घेऊनच जायचं, म्हणून भव्या आज कामावर आली होती. तिचा जीव तुटत होता, आणि या लाडावलेल्या भावाचा संतापही येत होता.

शेजारच्या टेबलावरून रोशन हळूच म्हणाला, "अक्का, तुम्ही चहा पिऊन या. मी बघतो यांचं."

भव्या खुर्चीतून अर्धी उठलीसुद्धा. मग तिला गेल्या महिन्यात असंच कार्ड घेऊन आलेली संहिता आठवली. तिचे वडीलही शेवटच्या घटका मोजत होते. भव्याने तिला पाच दिवस विलगीकरणात ठेवलं होतं. वडील गेले तेव्हा ती पोरगी आतच होती.

"नको रोशन. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हे माझ्या टेबलावर चालायचं नाही."

तिने फॉर्म भरला, सही केली. गिरीराज तिच्याकडे न बघताच विलगीकरण कक्षाकडे गेला.

तिसऱ्या दिवशी त्यांची आई, सोयराबाई, गेली.

दारात तिरडी बांधून झाली आणि प्रतापरावकाका सगळ्यांदेखत कडाडले, "सख्ख्या भावाला अडवलंस! आता पुढचा खांदा कोण देणार?"

"मी."

"आपल्यात बायका देतात होय?"

"गिरीची जागा मी रिकामी केलीये काका, मीच भरणार. आणि उद्या तसलंच कार्ड आलं तर परत अडवीन." ती रडत होती, पण मागे सरली नाही.

काका बाजूला झाले.

इतर तिघांपेक्षा भव्या बुटकी होती. आई एका बाजूला कलू नये म्हणून ती स्मशानापर्यंत टाचा उचलून चालली.