चिमणीचं वजन

डोंगर गोदामात उभा केला होता. मागून लाकडी फळ्या, पुढून थर्माकोल आणि प्लास्टर, वरून मीठ आणि साबणाचा फेस. कॅमेऱ्यातून पाहिलं की अंगावर काटा यायचा, आणि कॅमेऱ्याबाहेर पत्र्याच्या छपराखाली माणसं घामाने निथळत असायची. सिनेमाची गोष्ट सरळ होती. एक बाई एकटीच शिखरावर निघते, हवा फिरते, आणि मग दोन तास ती मरता मरता वाचत राहते. वाचायची ती नायिका. पडायची ती चिमणी.

चिमणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. अंगाने एवढीशी, कुठूनही उडी मार म्हटलं की मारणार, म्हणून सेटवरच्यांनी पाडलेलं. बाळंतपणानंतरचं हे तिचं पहिलंच काम. बाळ घरी सासूजवळ. नायिकेच्या जागी उभं राहायचं तर नायिकेच्या मापात मावायला हवं, ही पहिली अट, आणि दुसऱ्या कुठल्याही सिनेमात तिला दारातूनच परत पाठवलं असतं. पण बर्फाचा सिनेमा म्हणजे देवच पावला! पिसं भरलेलं जाडजूड जाकीट, त्यावर पट्टे, तोंडाला मफलर. आत चिमणी आहे की कोंबडी, कुणाला कळतंय?

एकीला मात्र कळायलाच हवं होतं. तिच्या नणंदेला. सेटवर पडणाऱ्यांच्या सगळ्या दोऱ्या ताईच्या ताब्यात असायच्या. धाकट्या भावासाठी ही मुलगी पसंत केली तीही ताईनेच, "दोरीवर भरवसा ठेवते, माणसांवरही ठेवील" असं म्हणून.

ताईचं काम ऐकायला सोपं होतं. दोरीचं एक टोक पडणाऱ्याच्या पट्ट्याला, दुसरं वरच्या कप्पीवरून वाळूच्या पोत्यांना. माणूस खाली येतो, पोती त्याला ओढून धरतात आणि तो ठरल्या जागी थांबतो. वाळू कमी पडली तर थांबत नाही. म्हणून रोज सकाळी, चहाच्याही आधी, ताई ज्याला त्याला विचारायची, "किती?" तो सांगेल त्या आकड्यावर ती वाळू भरायची. कुणाला काट्यावर उभं करत नसे. तिच्या मते तो अपमान होता. जो स्वतःच्या जिवाबद्दल खोटं बोलेल त्याने पडायला यावंच कशाला?

पहिल्या दिवशी ताईने "किती?" म्हटलं आणि चिमणीच्या तोंडून लग्नाआधीचा आकडा गेला. मुद्दाम म्हणावं तर तसंही नाही. जिभेवर बसलेला होता, सुटला. तेवढ्यात मागे बघते तर मॅनेजर उभा. आता गिळलेला शब्द परत काढता येतो, बोललेला कसा गिळायचा? दुसऱ्या दिवशीही मग तोच आकडा. पडणी लहान होती, फार तर डोक्याइतक्या उंचीवरून. ती जरा जोरात टेकायची. गुडघा काळानिळा झाला.

"सवय मोडली गं तुझी," ताई म्हणाली.

"हो ना," चिमणी म्हणाली.

आज मात्र मोठं पडणं होतं. कड्याच्या माथ्यावरून थेट खालच्या सुळक्यावर. सुळका प्लास्टरचा असला तरी आत लोखंडी सांगाडा होता. त्याच्या वीतभर वर थांबायचं, म्हणजे बाई आदळलीच असं प्रेक्षकांना वाटणार.

आधी वाळू भरलेला पुतळा सोडला. चिमणीच्या वजनाचा, तिच्यासारखंच जाकीट घातलेला. तो सूं करत गेला आणि सुळक्याच्या बरोब्बर वीतभर वर थांबला. खाली टाळ्या पडल्या.

वर चिमणीने टाळ्या वाजवल्या नाहीत. ती त्या वीतभर जागेकडे बघत होती. पुतळा तिने सांगितलेल्या वजनाचा होता, तिच्या वजनाचा नव्हता.

आणि नेमकी तेव्हाच तिची छाती दाटून आली. बाळाच्या पाजण्याची वेळ. पट्ट्याखाली ठणका लागला, आतला कपडा ओला झाला. इतके दिवस ती मनाशी म्हणत होती, चार-सहा किलोंनी काय होतं, चरबीच तर आहे. ही काही चरबी नव्हती. हे कुणाचं तरी जेवण होतं, आणि ते घेऊन ती वीतभर जागेवर जुगार खेळायला उभी होती.

"ताई, थांबा!"

"आता काय?" खालून दिग्दर्शक ओरडला. "घाबरलीस?"

"नाही. वजन चुकलंय."

"कुणाचं?"

"माझंच. सहा किलो जास्त आहे."

मेकअपवाली फिसकन हसली आणि ताईचा चेहरा बघून गप्प झाली.

"शिडीने उतर," ताई म्हणाली.

पोती तोलायचा काटा साखळीला टांगलेला होता. चिमणी खाली येताच ताईने तिचा पट्टा त्याच्या हुकात अडकवला आणि साखळी ओढली. चिमणी सगळ्यांसमोर अधांतरी लोंबकळली.

"जाकीट वजा, पट्टे वजा," ताईने मोठ्याने हिशेब केला. "सहा नाही. नऊ!"

"सकाळपासून पाजलं नाहीये, ताई."

"मग अर्धा सोडला. साडेआठ."

मॅनेजर पुढे आला. "नायिकेच्या मापात बसत नसेल तर दुसरी मुलगी बघावी लागेल."

"बघा की. तिलाही टांगीन. आजपासून सगळ्यांना टांगणार. तुम्हीसुद्धा या, लगे हात."

मॅनेजर दोन पावलं मागे सरला. दिग्दर्शकाने डोंगराकडे पाहिलं. फेस बसत चालला होता, कड्याखालच्या फळ्या दिसायला लागल्या होत्या. "दुसरी येईपर्यंत हिमालयाचं गोदाम होईल माझ्या," तो वैतागून म्हणाला. "हीच पडेल. चढायचं, चालायचं ते उद्यापासून दुसरीला द्या."

म्हणजे अर्धं काम गेलं. चिमणीने लोंबकळतच मान हलवली.

ताईने वाळू नव्याने भरली. पुतळा एकदा सोडला, मन भरेना म्हणून पुन्हा सोडला. मग चिमणी पडली आणि वीतभर वर थांबली. दिग्दर्शक खूश झाला.

पट्टे सोडताना ताईला बक्कल उघडेना. तिची बोटं थरथरत होती.

"गुडघा त्याच्यामुळेच ना? आणि मी म्हणते सवय मोडली! सांगायला जीभ झडली होती?"

"काम गेलं असतं, ताई."

"गेलं असतं तर गेलं असतं. भावाला मी कुठल्या तोंडाने सांगितलं असतं? आणि ते पिल्लू मोठं झाल्यावर त्याला काय सांगू, तुझ्या आईला आत्याने मोजूनमापून मारलं?"

"चुकलं."

"चुकलंच. उद्यापासून तुझी दोरी मी धरणार नाही. रागाने नाही म्हणत, हात बघ माझे. असल्या हातांनी दोरी धरत नसतात. दुसऱ्या कुणाला तरी सांगते."

"किती दिवस?"

"मला काय विचारतेस? या हातांना विचार. चल आता, तिकडे आई त्याला खुळखुळ्यावर भागवत असेल."

बाहेर स्कूटरवर मागे बसताना ताईच्या कमरेला धरावं की नाही, चिमणीला कळेना. तिने सीटमागचा दांडा धरला. ताईने गाडी सुरू केली, पण हलवली नाही.

"नीट धर," ती पुढे बघत म्हणाली.