केसांच्या तेलाची भानगड

कारखान्याचा मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंना सगळे ताई म्हणत. सकाळी त्या खुर्चीत टेकतात न टेकतात तोच हिशेबनीस तणतणत आत आले.

"ताई, आता हद्द झाली! पुन्हा ढीगभर मेल, आणि सगळे केस उगवायच्या तेलाचे!"

हिशेबनिसांच्या डोक्यावर केस औषधालाही नव्हता. ताईंनी हसू कसंबसं गिळलं.

"हे उद्योग आमच्या मेव्हण्याचेच," ते म्हणाले.

त्यांचा मेव्हणा तिथेच भांडारात होता. चेष्टेखोर, आणि डोक्यावर केसांचं रान. याच तेलापायी महिनाभर दोघांत अबोला होता. इकडचे निरोप तिकडे पोचवून हिशेबनिसांची बायको, म्हणजे मेव्हण्याची बहीण, बिचारी कंटाळली होती.

ताईंनी मेव्हण्याला बोलावून त्याचा मेल उघडायला लावला. त्यातही तेच तेल!

"मला वाटलं, दाजीच पाठवतायत," तो पुटपुटला. "माझ्या केसांवर जळून."

"अहो, सगळ्या कारखान्याला येतंय ते," ताई म्हणाल्या. "आता मी बंदोबस्त करते. अनोळखी मेलला आपला सर्व्हर सांगेल, जरा वेळाने या. खरा मेल परत येतो. या फुकट्यांना कुठला धीर? ते दुसरं दार बघतात."

दुपारपर्यंत तेल आटलं. ताई खुशीत होत्या, तेवढ्यात हिशेबनीस धापा टाकत हजर. मागोमाग मेव्हणाही.

"पोरीचा फोन आला. नव्या नोकरीतून पहिला मेल धाडलाय म्हणे. कुठाय तो? तुमच्या सर्व्हरने माझ्या लेकीलाच हाकललं!"

ताईंनी नोंदी पाहिल्या. खरंच, मेल दारातून परत फिरवला होता.

"नवा पत्ता आहे ना, म्हणून. येईल परत," त्या म्हणाल्या खऱ्या, पण नोंदी पुन्हा पुन्हा चाळू लागल्या.

"माझी भाची आहे," मेव्हणा म्हणाला. "चिकाटीची. येणारच."

"भाची नाही, तिचा सर्व्हर यायचाय," हिशेबनीस खेकसले. महिन्यातलं त्यांचं त्याच्याशी हे पहिलं वाक्य.

हिशेबनिसांनी तिथेच आपला मेल उघडला आणि तिघं पडद्याकडे टक लावून राहिले. अखेर मेल आला. सोबतच्या फोटोत नव्या टेबलामागे ताठ बसलेली, कानापर्यंत हसणारी पोर.

हिशेबनिसांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा चढवला. मेव्हणा मागून मान उंचावत होता.

"मलाही पाठवा ना दाजी, तो फोटो."

"पाठवायचा कशाला?" हिशेबनीस सरकले. "ओढ ती खुर्ची. इथेच बघ."